मेलेले माकड कोणत्या खात्याचे? वन्यजीवांचे रोग, राष्ट्रीय यंत्रणा आणि आपले कोकण

तिलारीकाठ (धागाकर्ता)

वन्यप्राण्यांमधील रोगांवर देशपातळीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा असावी, ही मागणी जुनी आहे. गेल्या काही वर्षांत तिला कागदावर आणि थोडेफार विटा-सिमेंटातही रूप येऊ लागले आहे. जुलै 2022 मध्ये पंतप्रधानांच्या विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोन्मेष सल्लागार परिषदेने राष्ट्रीय वन हेल्थ मिशनला मान्यता दिली (येथे 'वन' म्हणजे इंग्रजी 'एक': माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्र विचार). त्याच वर्षी 11 डिसेंबरला नागपुरात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थची कोनशिला बसली. पुढे 3 मार्च 2025 रोजी सासण गीरला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची बैठक झाली, तेव्हा जुनागढच्या नॅशनल रेफरल सेंटर फॉर वाइल्डलाइफची पायाभरणी करण्यात आली. वन्यप्राण्यांचे आरोग्य आणि त्यांच्यातील रोगांचे नियंत्रण यांविषयीचा देशभरचा समन्वय या केंद्रातून व्हावा, अशी अपेक्षा आहे.

गुजरातमध्ये हे केंद्र होण्यामागे एक पार्श्वभूमी आहे. 2018 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात काही आठवड्यांत 23 सिंह दगावले, तपासणीत मुख्यतः कुत्र्यांना होणाऱ्या कॅनाइन डिस्टेंपर या रोगाचा विषाणू आढळला आणि लस अमेरिकेतून मागवावी लागली. याच विषाणूने 1994 मध्ये टांझानियातील सेरेंगेटीचे सुमारे एक तृतीयांश सिंह मारले होते, म्हणजे इशारा मिळून चोवीस वर्षे उलटली होती.

सिंह मेला की दिल्लीपर्यंत हालचाल होते, आणि ती व्हायलाच हवी. पण माझा प्रश्न काजूच्या बागेत मरून पडलेल्या माकडाविषयी आहे, कारण आपल्या सिंधुदुर्गात माणसाच्या जिवाशी थेट संबंध असलेली सूचना या माकडाकडून मिळते.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे आपल्याकडचा माकडताप, 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. तेव्हाही आधी माकडे मरत होती आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडत होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) हा विषाणू शोधला. तो गोचिडीतून पसरतो, मुख्यतः हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीच्या. माकड किंवा वानर मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि मेलेल्या जागेभोवतीची जमीन धोक्याची होते. लागण झालेल्या माणसांपैकी साधारण 3 ते 5 टक्के दगावतात. माणसापासून माणसाला हा रोग होत नाही.

कित्येक दशके हा ताप कर्नाटकाच्या पाच जिल्ह्यांपुरता राहिला. मग 2012 च्या सुमारास बंदीपूर आणि निलगिरीच्या भागात, 2013 पासून वायनाडात, 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि जानेवारी 2016 मध्ये आपल्या दोडामार्ग तालुक्यातील केर गावी तो दिसला. 2017 मध्ये बांदा परिसरात रुग्ण निघाले. सह्याद्रीच्या रांगेने हा विषाणू राज्यांच्या हद्दी ओलांडत गेला आणि प्रत्येक राज्याने त्याची नोंद आपापल्या दप्तरात स्वतंत्रपणे केली. दोडामार्गची हद्द गोवा आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना भिडते. तालुक्यातल्या मांगेली गावाच्या वरच्या अंगाला तर माकडांचा कळप दिवसाभरात तिन्ही राज्यांत फिरून येऊ शकेल.

आता मुद्द्याचे बोलतो. वन्यप्राणी वन विभागाकडे, रोगनिदान पशुसंवर्धन विभागाकडे, माणसाचा ताप आरोग्य विभागाकडे आणि जागा बहुतेक वेळा खासगी मालकाची. सिंधुदुर्गात सरकारी जंगल कमी आणि खासगी वन व बागायती जास्त असल्याने माकड मरते ते सहसा कुणाच्या तरी बागेत. तेथे वनरक्षकाची रोजची फेरी नसते. राष्ट्रीय केंद्र कितीही सुसज्ज झाले तरी या बागेतला नमुना पहिल्या दिवशी बर्फात गेला नाही, तर केंद्राने तपासायचे काय? माझ्या मते राष्ट्रीय समन्वयाची परीक्षा तालुक्याच्या ठिकाणी घ्यायला हवी: सूचना कोणाला द्यायची, नमुना कोणी उचलायचा आणि निकाल गावाला कोणी कळवायचा. या तिन्ही गोष्टींविषयी जाणकारांनी लिहावे. आरोपांचा धागा होऊ नये, एवढी विनंती.

गोठा_आणि_दवाखाना

पशुसंवर्धन खात्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर थोडे अधिकाराने लिहू शकेन.

प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांसाठी 2009 चा केंद्रीय कायदा आहे. अनुसूचित रोगाची शंका आली की कळवणे त्यात बंधनकारक केले आहे. पण हे बंधन कोणावर, ते नीट वाचावे. मालकावर, किंवा ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याच्यावर. गाईम्हशींना, कोंबड्यांना हे लागू पडते. रानातल्या वानराला मालक नाही आणि ते कोणाच्या ताब्यातही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याचा भर शिकार आणि तस्करी रोखण्यावर असल्याने तेथेही मृत्यूकडे पाहण्याची पहिली दृष्टी गुन्ह्याची असते. रोगाचा विचार त्यानंतर येतो. दोन्ही कायदे आपापल्या जागी योग्य आहेत, पण त्यांच्या मधल्या फटीत हे माकड पडते.

शवविच्छेदनाविषयी लोकांच्या कल्पना चित्रपटातल्या असतात, म्हणून प्रत्यक्षात काय लागते ते सांगतो. माकडतापाचा संशय असेल तर मेंदू, फुप्फुस, हृदय, यकृत आणि मूत्रपिंड यांचे तुकडे वेगवेगळ्या निर्जंतुक कुप्यांत घ्यावे लागतात. कुपीवर प्राणी, ठिकाण, तारीख आणि वेळ लिहावी लागते. कुपी घट्ट बंद करून पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि ती बर्फाच्या डब्यात जाते. हे करताना हातमोजे दुहेरी, अंगभर झाकणारा पोशाख आणि पायांत गमबूट हवेत. शिवाय पोशाखाच्या बाह्या मोज्यांच्या आत खोचायच्या, कारण त्या क्षणी खरी भीती शवापेक्षा त्यावरून उतरणाऱ्या गोचिडींची असते. उरलेले शव जाळावे लागते आणि आसपास कीटकनाशक भुकटी टाकावी लागते. हे सारे मार्च महिन्यात, कातळावरच्या उन्हात, शव फुगण्याआधी व्हायला हवे. कोकणच्या हवेत काही तासांतच अवयव लिबलिबीत होतात आणि मग प्रयोगशाळेच्या हाती फारसे काही लागत नाही.

तालुक्याच्या पशुवैद्यकावर लसीकरण, कृत्रिम रेतन, शिबिरे, पंचनामे अशी कामे असतात. त्याला वन्यप्राण्याच्या शवविच्छेदनाचे प्रशिक्षण मिळालेच असेल, असे नाही. तेव्हा केवळ आदेश काढून भागणार नाही. डबा, बर्फ, पोशाख, गाडी आणि त्या दिवशीच्या इतर कामातून मोकळीक, एवढे द्यावे लागेल.

बोंडू

आमची काजूची बाग दोडामार्ग तालुक्यात आहे. वरची चर्चा अभ्यासपूर्ण आहे, तरी बागायतदाराची बाजू त्यात यायला हवी.

माकड मेलेले दिसले की कळवावे, हे आता गावात सर्वांना माहीत आहे. तरीही काही जण कळवत नाहीत, आणि त्याचे कारण अज्ञान नव्हे. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. माकडतापाचाही नेमका तोच काळ. बागेत माकड सापडले असे गावात पसरले की दुसऱ्या दिवशी काजू वेचायला माणूस येत नाही. बोंडे झाडाखाली कुजतात आणि बी काळी पडते. तक्रार करणाऱ्याचे नुकसान आणि गप्प राहणाऱ्याची बी घरात, असा हिशेब झाला की माणसे काय करतील?

दुसरे असे की, आम्ही एकदा कळवले होते. संबंधित कार्यालयातून माणसे आली, नमुना घेऊन गेली, भुकटीही टाकली. निकाल काय आला ते आजतागायत आम्हाला कोणी सांगितलेले नाही. माकड तापाने मेले की विजेच्या तारेला चिकटून, हेच कळले नाही, तर पुढच्या वेळी कोणत्या तोंडाने शेजाऱ्याला सांगू की कळव म्हणून? कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण त्या माणसांनी उन्हातान्हात काम केले होते. अडचण पद्धतीत आहे.

पातेऱ्याचाही विषय आहे. गोठ्यात अंथरायला आणि भाजावळीला (पेरणीआधी जमीन भाजायला) आमच्याकडे सुका पातेरा, म्हणजे पालापाचोळा, गोळा करतात, तो हातांनी ओढून, मिठीत धरून भाऱ्यात बांधतात. गोचिडीची अर्भके त्याच पानांत असतात, खसखशीच्या दाण्याएवढी, आणि ती अंगावर चढल्याचे कळतही नाही. बायका हे काम जास्त करतात. बाहेरून येणारे पत्रक सांगते की जंगलात जाऊ नका. आमचे घरच जंगलात आहे, त्याला काय करावे?

आरोग्यसेविका_वाडीवरची

बोंडू यांचे म्हणणे मी रोज ऐकते. आमच्याकडून अंगाला लावायचे, गोचिडी दूर ठेवणारे डीईपीए तेल वाटले जाते. ते हातापायांना लावून गेल्यास आणि परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे उकळत्या पाण्यात टाकल्यास धोका बराच कमी होतो. पातेरा आणू नका असे मी सांगत नाही. तो पूर्ण वाळलेल्या, मोकळ्या जागेतून आणा आणि जेथे अलीकडे माकड मेले आहे तेथून मुळीच आणू नका, असे सांगते. पण अलीकडे कोठे मेले आहे, हे मला स्वतःलाच वेळेवर कळले तर मी सांगणार!

येथे समन्वयाची गाठ आहे. मला तापाचा रुग्ण सापडला की माझी नोंद इंटिग्रेटेड हेल्थ इन्फर्मेशन प्लॅटफॉर्मवर जाते. जनावरांच्या रोगांची नोंद पशुसंवर्धनाच्या वेगळ्या प्रणालीत होते. वन विभागाचा पंचनामा तिसऱ्याच कागदावर असतो. माकडतापात माकडाचा मृत्यू सहसा आधी येतो आणि माणसाचा ताप नंतर. मधले जे थोडे दिवस मिळतात तेवढ्यात तेल वाटता येते, वाडीवर जाऊन सांगता येते, संशयित तापाचे रक्त लवकर पाठवता येते. ते दिवस पत्रव्यवहारात गेले की आमच्या हाती फक्त रुग्ण राहतो.

लसीविषयी काही जण विचारतील म्हणून आधीच लिहिते. कर्नाटकात वापरली जाणारी जुनी लस परिणामकारकता अपुरी असल्याने 2022 मध्ये थांबवण्यात आली. त्यामुळे सध्या सावधगिरी आणि वेळेवर सूचना, हीच दोन साधने आहेत.

कायदेकानू

गोठा_आणि_दवाखाना यांनी कायद्याची फट बरोबर दाखवली. तिला एक जोड देतो. सार्वजनिक आरोग्य आणि पशुरोग प्रतिबंध हे दोन्ही विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत आहेत. वन्यप्राण्यांचे संरक्षण मात्र 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. याच समवर्ती सूचीत 29 क्रमांकाची नोंद आहे: माणसे, प्राणी किंवा वनस्पती यांना होणारे सांसर्गिक रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरण्यास प्रतिबंध. केंद्राला अधिकारच नाही, ही सबब येथे चालणार नाही. मांगेलीच्या माकडांसाठी लागणारा अधिकार घटनाकारांनी आधीच लिहून ठेवला आहे, तो वापरण्याची प्रशासकीय सवय तेवढी नाही.

सडा_आणि_सावली

मला या उत्साहात सामील होता येत नाही. जुनागढला केंद्र, नागपूरला संस्था, भोपाळला अतिसुरक्षित प्रयोगशाळा, बरेलीला पशुवैद्यक संशोधन संस्था, डेहराडूनला वन्यजीव संस्था, हैदराबादला लेकोन्स ही संकटग्रस्त प्रजातींसाठीची प्रयोगशाळा. नकाशावर टाचण्या वाढत आहेत, कोकणच्या किनाऱ्यावर एकही नाही. जानेवारी 2021 मध्ये दापोलीत कावळे मेले तेव्हा नमुन्यांचे निदान भोपाळला झाले. त्या वेळी मुंबई, ठाणे, बीड आणि दापोली येथील कावळ्यांत बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. निदान अचूक होते, त्याबद्दल वाद नाही. पण मोठ्या संस्था उभ्या करण्यात जो पैसा जातो, त्यातला थोडा प्रत्येक जिल्ह्यात एक प्रशिक्षित पथक ठेवण्यात गेला तर अधिक उपयोग होईल. राष्ट्रीय समन्वय म्हणजे आणखी एक समिती आणि तिच्या बैठकीचा चहा, एवढाच अनुभव गाठीशी आहे.

तिलारीकाठ

@सडा_आणि_सावली, तुमचा रोष समजतो, पण दोन्ही खर्च एकमेकांच्या विरुद्ध ठेवू नयेत असे वाटते. पक्ष्यातील अतितीव्र बर्ड फ्लूचा विषाणू हाताळणे हे जिल्ह्याच्या प्रयोगशाळेचे कामच नाही. ते भोपाळलाच व्हावे. 2006 मध्ये आपल्याच राज्यात नवापूरला देशातील पहिला बर्ड फ्लू आढळला, त्याची खात्रीही तेथेच झाली होती. 2024 च्या डिसेंबरअखेर नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला, तेव्हा त्यांच्यात बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू असल्याचे भोपाळनेच सांगितले. पक्ष्यांचा रोग मार्जारकुळात गेल्याची ती गंभीर नोंद आहे आणि ती करणारी सक्षम प्रयोगशाळा देशात आहे, ही जमेची बाजू. उणीव आहे ती दापोली आणि भोपाळ यांच्या मधल्या साखळीत.

हडसनवरून_देवगड

मूळचा देवगडचा, सध्या न्यू यॉर्क राज्यात राहतो. येथील दोन उदाहरणे चर्चेला उपयोगी पडतील.

2006 च्या हिवाळ्यात याच राज्यातील एका गुहेत वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी दिसली. पुढे हा रोग व्हाइट नोज सिंड्रोम म्हणून ओळखला गेला आणि त्याने लाखो वटवाघळे मारली. अमेरिकेतही वन्यप्राण्यांवरचा अधिकार मुख्यत्वे राज्यांकडे आहे. तेव्हा 2011 मध्ये केंद्रीय मत्स्य व वन्यजीव सेवेच्या समन्वयाखाली एक राष्ट्रीय आराखडा तयार झाला. त्यात राज्ये, केंद्रीय खाती आणि आदिवासी राष्ट्रे अशा सर्वांची कामे वाटून दिली होती. त्या आराखड्यातील मला सर्वांत उपयुक्त वाटलेली गोष्ट अगदी साधी आहे: गुहेत जाऊन आलेल्या माणसाने बूट, दोर आणि कपडे कसे निर्जंतुक करावेत याची एकच पद्धत सर्वांसाठी लिहून दिली गेली.  संशोधक असो वा हौशी गुहाभटका, पद्धत एकच.

दुसरे म्हणजे नमुन्यांचा मार्ग. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे 1975 पासून राष्ट्रीय वन्यजीव आरोग्य केंद्र आहे. कोणत्याही राज्याच्या वन्यजीव अधिकाऱ्याला अनेक प्राणी एकत्र मेलेले आढळले, तर कोणाला फोन करायचा आणि शव कसे बांधून पाठवायचे, हे ठरलेले असते. देशभरातील अशा मृत्यूंची यादी लोकांना संगणकावर पाहता येते. बोंडू यांच्या तक्रारीचे उत्तर त्या यादीत आहे: निकाल लपून राहत नाही.

तरीही येथील व्यवस्थेला सर्वगुणसंपन्न मानू नये. हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज 1967 मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसला आणि त्याचा राष्ट्रीय आराखडा यायला 2002 साल उजाडले. आज तो तीसहून अधिक राज्यांत आहे. बुरशीचेही तेच; आराखडा असूनही 2016 मध्ये ती पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्यात सापडली. समन्वयाने रोग थांबलेच असे नाही, कोठे काय चालले आहे ते मात्र कळत राहिले.

गिधाडमित्र_म्हसळा

धागा माकडतापावर चालला आहे, तो तसाच चालावा. पण रायगड जिल्ह्यातून एक मुद्दा जोडतो, कारण तो समन्वयाचाच आहे.

नव्वदच्या दशकात देशभर गिधाडे मरू लागली तेव्हा अनेकांना तो संसर्गजन्य रोग वाटला आणि विषाणूचा शोध सुरू झाला. 2004 मध्ये कारण स्पष्ट झाले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. औषध दिलेले जनावर मेले, गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. 2006 मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची कुपी 3 मिलीची करावी लागली. 2023 मध्ये गुरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकवर बंदी आली. म्हणजे वन्यपक्ष्याच्या मृत्यूवरचा इलाज औषध नियंत्रकाच्या टेबलावर होता, आणि अंमल गावच्या औषधाच्या दुकानात. आमच्या म्हसळा तालुक्यात चिरगावला पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी आहेत. तेथे गिधाड मेले तर विषाणू, विषबाधा, औषध आणि विजेची तार हे चारही पर्याय तपासणारी व्यवस्था हवी. केवळ संसर्गाकडे पाहणारी राष्ट्रीय यंत्रणा अर्धी राहील.

पोलादपूरकर

एक शंका. 2021 मध्ये बातमी होती की महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांत निपाह विषाणूची प्रतिपिंडे सापडली. आमच्या गावात वडावर वाघळांची मोठी वस्ती आहे. ग्रामपंचायतीत काही जण झाड तोडायचे म्हणत आहेत. काय करावे?

गोठा_आणि_दवाखाना

झाड तोडू देऊ नका. ते नमुने 2020 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने देखरेखीचा भाग म्हणून घेतले होते. प्रतिपिंडे सापडली म्हणजे त्या वटवाघळांचा कधीतरी विषाणूशी संबंध आला होता, एवढेच. वस्ती उठवली की प्राणी विखुरतात आणि माणसांच्या अधिक जवळ येतात, म्हणजे नको तेच होते. उष्टी फळे खाऊ नयेत, माडी-ताडीची मडकी झाकलेली असावीत आणि मेलेले वाघूळ हाताने उचलू नये, एवढी काळजी पुरेशी आहे. हे ग्रामपंचायतीला लेखी हवे असल्यास तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे मागा, ते देतील.

सडा_आणि_सावली

@तिलारीकाठ, @हडसनवरून_देवगड, ठीक आहे. संस्थांना माझा विरोध नाही, त्यांच्या आणि आमच्यामधल्या अंतराला आहे. मग प्रत्यक्षात मागायचे काय, ते तरी लिहा. नाहीतर शंभर प्रतिसाद होतील आणि धागा तळाला जाईल.

तिलारीकाठ

वरच्या सर्वांचे म्हणणे एकत्र करून मांडतो. दुरुस्त्या सुचवाव्यात.

सर्वांत आधी सूचनेचा एकच क्रमांक, तालुकाभर एकच. माकड, वानर, कावळे, गिधाड, काहीही असो. फोन घेणाऱ्याने वन, पशुसंवर्धन आणि आरोग्य या तिघांना त्याच तासात कळवायचे. सूचना आली एवढ्यावरच आरोग्यसेविकेने त्या वाडीत तेल आणि सावधगिरीचा निरोप पोहोचवायचा, निकालाची वाट पाहायची नाही. निकाल नकारार्थी आला तर तेल वाया गेले, इतकेच.

नमुन्याचे साहित्य हंगामाआधी तालुक्याला असावे. माझ्या मते नोव्हेंबर ही शेवटची मुदत, कारण डिसेंबरपासून गोचिडीची अर्भके वाढू लागतात. याच काळात मेलेल्या माकडांची वाट न पाहताही देखरेख करता येते. पांढरे फ्लॅनेलचे कापड काठीला बांधून पालापाचोळ्यावरून सावकाश ओढतात, दर काही पावलांवर उलटून पाहतात आणि चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने कुपीत घेतात. या कामाला मोठी यंत्रे लागत नाहीत, प्रशिक्षित माणूस लागतो.

हद्दीपलीकडची माहिती मिळण्यासाठी सिंधुदुर्ग, उत्तर गोवा आणि बेळगाव या तीन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी हंगामात आठवड्याला एकदा तरी मृत माकडांची ठिकाणे एकमेकांना द्यावीत. कायदेकानू यांनी दाखवलेली 29 क्रमांकाची नोंद येथे कामाला येईल. राष्ट्रीय केंद्राने हे तीन तक्ते एका नमुन्यात भरून घेतले, तरी त्याचे अर्धे काम झाले असे मी म्हणेन. जागतिक बँकेच्या साहाय्याने 2023 मध्ये सुरू झालेल्या पशुआरोग्य प्रकल्पातील पाच राज्यांत महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही आहेत, त्यामुळे सुरुवातीला निमित्तही आहे. गोव्याला मात्र स्वतंत्रपणे सोबत घ्यावे लागेल.

निकालाविषयी बोंडू यांनी लिहिले त्याहून वेगळे मला सुचत नाही. तो लेखी यावा आणि नकारार्थी असला तरी यावा.

बागायतदाराच्या नुकसानीचे उत्तर मात्र माझ्यापाशी नाही. बर्ड फ्लूत कोंबड्या मारल्या तर मालकाला भरपाई मिळते. माकड कळवल्यामुळे मजूर गेले, त्याची भरपाई कोणत्या शीर्षाखाली मागायची?

कायदेकानू

भरपाईच्या मागे लागलात तर वर्षे जातील. त्याऐवजी सूचना देणाऱ्याचे आणि बागेचे नाव जाहीर करू नये, जाहीर करताना फक्त वाडी सांगावी, असा नियम मागा. तो जिल्हाधिकारी आपल्या पातळीवर करू शकतील.

बोंडू

वाडी सांगितली तरी गावाला बाग कोणाची ते संध्याकाळपर्यंत कळते! तरीही चालेल. पूर्ण वाडीत एकाच वेळी तेल आणि भुकटी आली, तर एका घराकडे बोट राहणार नाही.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. त्यात एक फोन क्रमांक, नोव्हेंबरपूर्वी साहित्य आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लेखी निकाल, या तीनच मागण्या ठेवतो. ठरावाची प्रत तहसीलदार, वनक्षेत्रपाल, पशुधन विकास अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी अशा चौघांना एकाच पत्राने जाईल, म्हणजे ते दुसऱ्याकडे गेले असेल असे कोणाला म्हणता येणार नाही. आरोग्यसेविकाताई, तेलाच्या बाटल्या दर घरी किती लागतात, तो आकडा मला ठरावात घालायचा आहे. तुमच्या उपकेंद्राचा मागच्या हंगामातला हिशेब मिळेल का?

आरोग्यसेविका_वाडीवरची

मिळेल. पण घरांप्रमाणे न मागता बागेत जाणाऱ्या माणसांप्रमाणे मागा. एका घरातून चार माणसे काजू वेचायला जातात आणि बाटली एकच येते, मग ती घरातल्या पुरुषाच्या खिशात राहते. पातेऱ्याला जाणाऱ्या बायकांची संख्या वेगळी लिहा. मी सोमवारी वाडीवार यादी काढून देते.